आधी तेल, मग वारा

उत्तमभाऊ मिस्तरींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका फटफटीची जीभ तपासत होते. 'जीभ' हा शब्द त्यांचाच. सुरतेत, उधन्याच्या आमच्या गल्लीत पत्र्याच्या शेडपुढे उकिडवे बसून त्यांनी इंजिनाचा प्लग काढला होता आणि तो उजेडाकडे धरून ते गाडीच्या मालकाला सांगत होते की जीभ पांढरी पडली आहे, गाडी उपाशी आहे. मी ड्यूटीवरून घरी चालले होते. नर्सच्या कानावर कुणाच्या जिभेची गोष्ट पडली की तिचे पाय आपोआप थांबतात. मी म्हटलं, पांढरी जीभ म्हणजे पोट बिघडलेलं असतं, उपाशी नव्हे. त्यांनी मान वर केली, माझ्या पांढऱ्या साडीकडे पाहिलं आणि अगदी गंभीरपणे सांगितलं की माणसांचं तसं असेल, इंजिन एकतर उपाशी असतं नाहीतर त्याला अजीर्ण झालेलं असतं. काळी जीभ म्हणजे अजीर्ण. चहाच्या रंगाची असली की समजायचं, घरात सगळं ठीक आहे.

मी धुळ्याची, ते साक्रीकडचे. परक्या गावात एवढं नातं पुरतं. त्या दिवसापासून ते मला ताई म्हणू लागले, वयाने वीसेक वर्षांनी मोठे असूनही, आणि मी त्यांना भाऊ.

माणूस ठेंगणा, कानांवर केस, शर्टाच्या खिशात कायम एक स्वच्छ फडकं. हात कितीही काळे असोत, त्या फडक्याला ते कुणाला हात लावू देत नसत. इंजिन उघडलं की आधी फडकं जमिनीवर अंथरायचं आणि निघालेला एकेक नट त्यावर ओळीत मांडायचा. आमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये ट्रे लावतात तसा. त्यांना गिऱ्हाईक घाई करू लागलं की ते काम थांबवून बिडी पेटवत. घाई करणाऱ्याला ती बिडी संपेपर्यंत उभं राहावं लागे. दुसऱ्यांदा कुणी घाई करत नसे.

घरी वहिनी आणि धाकटा भाऊ सुभाष. मूलबाळ नव्हतं. सुभाष उत्तमभाऊंहून अठरा वर्षांनी लहान. आईबाप गेले तेव्हा तो चड्डीत होता, तेव्हापासून यांनीच वाढवलेला. तो लिंबायतकडे सांच्यावर होता. सुरतेत यंत्रमागाला सांचा म्हणतात. बारा तास त्या खटखटाटात उभं राहून तिशीच्या आतच त्याचे कान निम्मे गेले होते. सांच्यावरची माणसं एकमेकांचे ओठ वाचतात, तसाच तोही वाचायचा. त्याच्याशी बोलताना आम्ही सगळे समोर जाऊन, तोंड मोठं उघडून बोलत असू. गल्लीतली पोरं त्याची नक्कल करायची आणि तोही हसायचा, पण उत्तमभाऊ हसत नसत. एकदा मी सुभाषला कानाच्या डॉक्टरांना दाखवून आणलं. काही होण्यासारखं नाही, सांचा सोडला तर उरलेलं टिकेल, एवढंच ते म्हणाले. मी ते उत्तमभाऊंना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

"मन्हा डोयासमोर ग्यात त्याना कान, ताई," ते म्हणाले. माझ्या डोळ्यांदेखत गेले. मग त्यांनी पाना उचलला आणि तो विषय पुन्हा कधी काढला नाही. पण त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट घर करून बसली, ती म्हणजे सुभाषला सांच्यावरून उठवायचं.

सुभाषला एकच दुसरी गोष्ट येत होती, फटफटी चालवणं. ती मात्र अशी यायची की बघत राहावं. आणि नेमका त्याच सुमारास एका सिल्क मिलवाल्या शेठचा मुलगा गाड्यांच्या नादाला लागला. मद्रासकडे शर्यती होतात, तिथे न्यायला त्याला एक चालवणारा हवा होता. डुमसच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी ओली वाळू पाटासारखी घट्ट होते. तिथे तो सगळ्यांना पळवून बघणार होता आणि जो पुढे येईल त्याला कायमचं ठेवून घेणार होता. सुभाषकडे चालवणं होतं, गाडी मात्र साडेतीनशे सीसीची, जुनी आणि थकलेली. बाकीच्यांच्या गाड्या नव्या होत्या. स्टेशनजवळचा एक मिस्तरी तर उघड म्हणाला होता की खानदेशी माणसाने सांचा चालवावा, इंजिन त्याचं काम नव्हे.

त्यावर उत्तमभाऊंनी जे काढलं ते आमच्या गल्लीत कुणी स्वप्नातही पाहिलं नव्हतं. महायुद्धाच्या काळात ते एका विमानतळावर फिटरच्या हाताखाली होते. तिथे त्यांनी ऐकलं होतं की विमान फार उंच गेलं की इंजिनाला दम लागतो, मग त्याला एक गॅस पाजतात आणि त्याला पुन्हा जोर येतो. कोणता गॅस, ते त्यांना ठाऊक होतं. नायट्रस. हे नाव त्यांनी घेतलं तेव्हा मी हसलेच. तो आमचा भुलीचा गॅस. रोज सकाळी मी त्याचा सिलिंडर ढकलत थिएटरमध्ये नेत होते.

आमच्या इस्पितळातून मी त्यांना तो देणार नव्हते आणि त्यांनी मागितलाही नाही. दातांच्या एका डॉक्टरांची स्कूटर ते दुरुस्त करत. त्या डॉक्टरांनी गॅस सोडून इंजेक्शनं सुरू केली होती, त्यांचा छोटा सिलिंडर कोपऱ्यात धूळ खात पडला होता. तो शेडमध्ये आला त्या दिवशी संध्याकाळी वहिनी घाबऱ्या घाबऱ्या माझ्याकडे आल्या. "दारू पिसन उनात का काय, ताई, जरा या ना." दारू पिऊन आले, असं त्यांना वाटत होतं. जाऊन बघते तर उत्तमभाऊ बाकावर बसून डोळ्यांत पाणी येईतो हसताहेत. गळती कुठे आहे ते त्यांनी नाकाने शोधायला घेतलं होतं. आयुष्यात त्यांना तसं हसताना मी तेवढंच पाहिलं, आणि तेही गॅसने. मी त्यांना मोकळ्या हवेत आणलं आणि चांगलंच झापलं. हा गॅस एकटा घेतला तर माणूस हसत हसत मरतो. म्हणून आम्ही आधी ऑक्सिजन सुरू करतो, मग गॅस, आणि बंद करताना आधी गॅस बंद, मग ऑक्सिजन. हा क्रम कधी चुकवायचा नसतो, झोपेतसुद्धा.

त्यांनी फडकं काढून तोंड पुसलं. म्हणाले, इंजिनाचंही हेच आहे, ताई. हा गॅस म्हणजे इंजिनाला जादा श्वास. श्वास वाढला की भूक वाढते. तेवढं पेट्रोल पोटात गेलं नाही तर आग नुसती वाऱ्यावर जळते आणि पिस्टन मेणासारखा वितळतो. पेट्रोलला ते तेल म्हणत आणि गॅसला वारा. त्या दिवशी त्यांनी शेडच्या पत्र्यावर खडूने लिहिलं, 'पहिले तेल, मंग वारा.' गिऱ्हाइकांना वाटे, हे एखाद्या संताचं वचन आहे.

खरी अडचण गॅसची नव्हतीच, तेलाची होती. फटफटीची टाकी इंजिनाच्या वीतभर वर असते, त्यातून तेल आपल्या वजनाने उतरतं. रोजच्या चालण्याला ते पुरतं. गॅस मात्र सिलिंडरमधून धाडकन येतो. त्याच्या बरोबरीने तेल पोचायचं तर त्याला मागून दाब हवा. उत्तमभाऊंनी टाकी वर उचलून पाहिली, मोठ्या नळ्या लावून पाहिल्या. महिनाभर प्लगची जीभ पांढरीच. मग एका सकाळी वहिनी चहा करत होत्या. त्यांनी स्टोव्हला दोन पंप मारले आणि ज्योत फुरफुरत वर आली. उत्तमभाऊ कप खाली ठेवून त्या ज्योतीकडे बघत राहिले. दुपारी वहिनींना घरात स्टोव्ह सापडेना. त्याची पितळी टाकी पंपासकट फटफटीच्या नळीला बांधलेली निघाली. नवा स्टोव्ह येईपर्यंत चार दिवस त्या घरात शेजारच्या चुलीवरून जेवण आलं.

आता दाब किती आहे ते मोजायला काटा हवा होता. इथे मी आले. रेलच्या पाण्यात, म्हणजे तापीच्या पुरात, आमच्या इस्पितळाचं तळघर बुडालं होतं आणि बरंच सामान बाद झालं होतं. त्यात रक्तदाबाचं एक गोल काट्याचं यंत्र होतं. काटा ठीक होता, कापडी पट्टा कुजला होता. मेट्रनला विचारून ते मी त्यांना आणून दिलं, रबरी नळीसकट. त्यांनी ते पितळी टाकीच्या डोक्यावर बसवलं आणि आठ दिवसांत त्यांचा आकडा शोधून काढला. अडीचशे. अडीचशेला जीभ चहाच्या रंगाची येत होती, दोनशेच्या खाली पांढरी. मी म्हटलं, भाऊ, माणसाचा दाब अडीचशे झाला तर आम्ही धावपळ करतो. ते म्हणाले, गाडीचा अडीचशेच्या खाली आला तर मी करीन.

मग रोज संध्याकाळी शेडपुढे तालीम सुरू झाली. गाडी स्टँडवर, सुभाष वर बसलेला, उत्तमभाऊ शेजारी पंपाशी. ते काटा वाचत आणि तोंड मोठं उघडून सुभाषला सांगत, "दाब दोनशे. दाब सव्वादोनशे. दाब अडीचशे." मग म्हणत, "सोड." सुभाष गॅसच्या सिलिंडरची तोटी फिरवून गॅस सोडायचा आणि ते इंजिन असं काही ओरडायचं की पलीकडच्या गल्लीतली कुत्री पळत. दोनच शब्द ठरलेले होते. दाब म्हणजे तेलाचा दाब, सोड म्हणजे गॅस सोड. सुभाषचे डोळे सतत भावाच्या ओठांवर असत. एवढ्या वर्षांत त्या दोघांना इतकं एकमेकांकडे बघताना मी पाहिलं नव्हतं. वहिनी दारात उभ्या राहून म्हणायच्या, शाळेत असताना असा बसवला असता तर मास्तर झाला असता.

शर्यतीच्या आदल्या दिवशी उत्तमभाऊंच्या लक्षात आलं की वेगात एक हात सोडून तोटी फिरवणं धोक्याचं आहे. त्यांनी तोटी काढली आणि तिच्या जागी सायकलच्या ब्रेकची मूठ हँडलवर बसवली. ती दाबली की गॅस सुटायचा. काम त्यांच्या बाकीच्या कामासारखंच देखणं होतं. सुभाषने मूठ पाच-सहा वेळा दाबून पाहिली, मान हलवली. तालमीला वेळ नव्हता. तोटी बदलली, शब्द तेच राहिले. हे आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

डुमसला त्या सकाळी चांगला वारा होता. थंडीचे दिवस, समुद्र लांब गेलेला, वाळू काळी आणि चकचकीत. शेठचा मुलगा गाडीच्या बॉनेटवर बसून खमण खात होता. सुभाषची पहिली फेरी बिनगॅसची होती, तो तिसरा आला. दुसऱ्या फेरीआधी उत्तमभाऊंनी पंप मारून काटा अडीचशेवर आणला, फडक्याने काच पुसली आणि सुभाषच्या पाठीवर थाप मारली. दूरच्या निशाणापर्यंत एकेकाने जायचं, वळायचं आणि आमच्या समोरून सरळ पळत यायचं. मूठ दाबायची ती वळल्यावर, काटा बघून.

सुभाष हळूहळू निशाणाकडे निघाला. तो जेमतेम पन्नास पावलं गेला असेल, तोच मला उत्तमभाऊंचा चेहरा दिसला. त्यांना काही तरी ऐकू आलं होतं, किंवा दिसलं होतं. रबरी नळी टाकीवरून सुटून फडफडत होती आणि टाकीतली हवा निघून चालली होती. ते वाळूतून धावत सुटले, हात वर करून. सुभाष निशाणाशी वळला आणि त्याला समोरून धावत येणारा भाऊ दिसला.

"दाब!" उत्तमभाऊ ओरडले. दाब गेला, असं त्यांना म्हणायचं होतं. 'गेला' वाऱ्याने नेलं, आणि तसंही सुभाषला ऐकू येणार नव्हतंच. त्याने ओठ वाचले. मोठं उघडून मिटलेलं तोंड. दाब. त्याच्या हाताखाली कालपासून एकच दाबण्यासारखी गोष्ट होती.

त्याने काट्याकडे पाहिलंच नाही. भाऊ सांगतोय म्हटल्यावर काटा कशाला बघायचा. इंजिन एकदा किंचाळलं, मग खाडकन अडकलं, मागचं चाक जागीच थांबलं आणि गाडी त्याच्यासह आडवी घसरत आली. थांबली तेव्हा त्याचा डावा पाय तिच्याखाली होता.

शेठच्या मुलाने स्वतःच्या मोटारीतून त्याला आमच्या इस्पितळात आणलं, हे त्याच्या बाजूने सांगितलं पाहिजे. गुडघ्याखालचा पाय काढावा लागला. त्या दिवशी माझी सुट्टी होती, तरी थिएटरमध्ये मीच उभी राहिले. सिलिंडर मीच ढकलत नेला. मला आत जाताना बघून उत्तमभाऊ बाकावरून उठले आणि त्यांनी एकच गोष्ट विचारली. "ताई, पहिले ऑक्सिजन देतात ना?" मी हो म्हटलं. ते पुन्हा बसले.

सुभाष शुद्धीवर आला तेव्हा भाऊ उशाशी होता. सुभाषने बराच वेळ त्यांच्या ओठांकडे पाहिलं.  मग तोच म्हणाला, "तूच बोलना ना, दाब." तूच म्हणालास ना. त्यात राग नव्हता. खरंच विचारत होता तो. उत्तमभाऊंना उत्तर देता आलं नाही, आणि ते दिलं नाही म्हणून की काय, सुभाष त्यांच्याशी बोलायचा थांबला.

माझ्या मनात मात्र वेगळीच गोष्ट कुरतडत होती. नळी माझी होती. थिएटरमध्ये आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात की ईथर रबर खातं, नळ्या आठवड्याला बघा. पेट्रोलची वाफही रबर खाणारच. मला ठाऊक असलेली गोष्ट मी त्या शेडमध्ये नेलीच नाही, जणू ती इस्पितळाच्या दारात चपलेसारखी काढून ठेवायची होती. महिन्याभराने मी धीर करून त्यांना हे सांगितलं. ते फडक्यावर पिस्टन ठेवून बसले होते. त्याच्या माथ्याला अंगठा जाईल एवढं भोक पडलं होतं. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "नळी सुटली ते मला दिसलं होतं, ताई. दिसल्यावर तोंडातून काय काढलं, ते माझं." मला त्यांनी दोष दिला असता तर बरं वाटलं असतं. अजूनही वाटतं.

त्यानंतर त्यांनी तो शब्द टाकला. चाकातल्या हवेला ते जोर म्हणू लागले. गिऱ्हाईक म्हणालं, ब्रेक दाबून बघा, तर म्हणत, लावून बघतो. पत्र्यावरचं खडूचं वचन पुसलं नाही, पण पुन्हा गिरवलंही नाही, दोन पावसाळ्यांत ते आपोआप गेलं. मला त्यांचा कधी कधी राग यायचा. एका शब्दाला काय धरून बसायचं, जाऊन भावाचे पाय धरावेत, रडावं, मोकळं व्हावं, असं वाटायचं. ते मात्र रडले नाहीत आणि सुभाषही बोलला नाही. मधल्या मध्ये वहिनी वाळल्या. दोन ताटं वेगवेगळ्या वेळी वाढायच्या आणि दोघांनाही दुसरा जेवला का ते सांगायच्या.

सुभाषचा सांचा सुटला, तो असा. त्याने कडोदऱ्याला, हायवेवर चहाची लारी, म्हणजे हातगाडी, टाकली. स्टोव्ह वहिनींचाच होता, त्याची पितळी टाकी उत्तमभाऊंनी पुन्हा जागेवर बसवून दिली होती. रोज पहाटे उत्तमभाऊ पहिल्या बसने कडोदऱ्याला जात, स्टोव्ह साफ करत, पेटवत, तासभर लारीमागे स्टुलावर बसून पंप मारत आणि मग उधन्याला येऊन शेड उघडत. सुभाषचं तोंड गिऱ्हाइकांकडे, यांचं स्टोव्हकडे. असं किती वर्षं चाललं ते मी मोजलं नाही.

पुढे माझी औरंगाबादची नोकरी ठरली. सामान ट्रकमध्ये चढवून मी सकाळी निघाले आणि कडोदऱ्याला ट्रक थांबवायला लावला. उत्तमभाऊ स्टुलावर होते. केस सगळे पांढरे, खिशात फडकं तेच. मला पाहून त्यांनी नुसतं हसल्यासारखं केलं. सुभाषने कुबडी बाजूला टेकवून माझ्यासाठी ताजं आधण ठेवलं. गिऱ्हाईक नव्हतं. आम्ही तिघंही हायवेकडे बघत होतो आणि कुणाचंच स्टोव्हकडे लक्ष नव्हतं. ज्योत बसत चालली होती, पिवळी होऊन भांड्याला काजळी धरू लागली होती.

सुभाषने ती पाहिली. तो स्टुलाकडे वळला, भावाच्या समोर तोंड येईल असा, आणि सांच्यावरची माणसं बोलतात तसं तोंड मोठं उघडून म्हणाला,

"भाऊ, दाब."

उत्तमभाऊंचा हात पंपाकडे निघाला आणि वाटेतच थांबला. त्यांनी सुभाषच्या ओठांकडे पाहिलं. मग खाली वाकून ज्योतीकडे पाहिलं, नीट, खात्री होईपर्यंत. वर बघून त्यांनी विचारलं, "दाब गेला, असंच ना?"

सुभाषने मान डोलावली. मग त्यांनी पंप मारला.